सात नंबरची वही

दीडच ओळ होती. एकशे बाराव्या पानावर, वरून चौथी ओळ आणि पाचवीचा अर्धा तुकडा. 'मोर्च्याच्या तीन दिवस आधी एका स्वयंसेविकेच्या बेपर्वाईमुळे सात क्रमांकाची नोंदवही व्यवस्थापनाच्या हाती पडली आणि चौतीस कामगारांना घरी बसावे लागले.' तिने ते सरळ वाचून टाकलं. आवाज हलला नाही, श्वास चुकला नाही. पुढचं वाक्य दवाखान्याला मंजुरी मिळाल्याचं होतं, आणि तिथे ती थांबली. काचेच्या अलीकडे, लाल दिवा लागलेल्या त्या एवढ्याशा खोलीत ती माइकसमोर नुसती बसून राहिली. भिंतींवरचा फोम सगळे आवाज गिळून टाकतो, त्यामुळे तिथे गप्प बसलं की आपलंच रक्त कानात वाजायला लागतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की आईबद्दल त्या पुस्तकात निदान एखादं प्रकरण असेल. दोन-चार पानं तरी शिव्याशाप असतील. ज्या मजकुराने एका माणसाचं अख्खं आयुष्य नासलं, त्याला काही लांबी-रुंदी असेल. आणि इथे तर सगळं दीड ओळीत उरकून पुस्तकाचे लेखक, सर, दवाखान्याकडे वळले होते, चालता चालता चपलेला चिकटलेलं काहीतरी फरशीच्या कडेला पुसावं तसे. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आला तो संताप, आणि तोही असा स्वच्छ आणि थंड, की तिला तो जवळजवळ आवडला.

ती काही पुण्य कमवायला इथे आली नव्हती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला साठ तासांची समाजसेवा सक्तीची होती. कुणी झाडं लावायला गेलं, कुणी नदीकाठचं प्लास्टिक उचलायला. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, हे काम तिने निवडलं ते बसून करायचं असतं आणि खोलीत एसी असतो म्हणून. केंद्र चालवणाऱ्या बाई रेडिओतून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी बजावल्या. पानावर आहे ते सगळं वाचायचं, अगदी छापखान्याच्या पत्त्यासकट. आणि पानावर नाही ते एक अक्षर आपल्या पदरचं घालायचं नाही. सूट फक्त चित्रांना. फोटो किंवा नकाशा आला की 'वाचकाची टीप' म्हणायचं, दिसतं ते सांगायचं, 'टीप समाप्त' म्हणायचं आणि पुढे जायचं. झालेलं वाचन तपासायचा तो तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी. जन्मापासून दिसत नसलेला, आणि कान असे, की वाचणाऱ्याने पान उलटताना बोट ओलं केलं तरी त्याला कळायचं. सगळे त्याला कानसेन म्हणत. तो तिला एक्सप्रेस म्हणायचा, कारण सुरुवातीला ती स्वल्पविरामांवर थांबायचीच नाही. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," असं ती एकदा बोलण्याच्या भरात म्हणून गेली आणि तिने जीभ चावली. तो मात्र खो खो हसला. म्हणाला, "देवाकडचं माहीत नाही. विद्यापीठाकडे आम्ही बारा पुस्तकं मागितली, आणि त्यांनी आश्वासनं दिली चोवीस."

त्याच बारा पुस्तकांसाठी केंद्रातले सगळे विद्यापीठाच्या पायऱ्यांवर नऊ दिवस बसले होते. परीक्षा तोंडावर आली तरी अभ्यासक्रमातलं एकही पुस्तक ऐकण्याजोगं तयार नव्हतं. कानसेनने निवेदन नेलं ते ठिपक्यांच्या लिपीतलं. अधिकाऱ्याने तो जाड कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "हे कोण वाचणार?" कानसेन म्हणाला, "आम्ही पण तेच विचारायला आलोय." पायऱ्यांवर बसल्या बसल्या तिला स्वतःबद्दल एक नवीनच गोष्ट कळली होती: तिला ओरडायला आवडतं. बाकीच्यांचे घसे दुखायचे, हिचा मोकळा व्हायचा. मागण्या शंभर टक्के खऱ्या होत्या, त्या तिला पटलेल्याही होत्या. पण मूठ वर करताना तिच्या डोळ्यांसमोर विद्यापीठ नसायचं. एका पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा चेहरा असायचा, दुकानाच्या काचेतून पाहिलेला. रुंद कपाळ, समजूतदार डोळे, हनुवटीखाली टेकवलेली मूठ. मागणी मान्य झाली, बारा पुस्तकांची यादी भिंतीवर लागली, आणि त्यात सातव्या ओळीत सरांचं पुस्तक दिसलं तेव्हा तिने कुणाच्याही आधी हात वर केला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तीनशे पानं आहेत, झेपेल का?" ती म्हणाली, झेपेल. डूख धरलेल्या माणसाला पानांची मोजदाद नसते.

आई कपडे अल्टर करते. सुपरमार्केटच्या जिन्याखालच्या गाळ्यात एक मशीन, एक ट्रायलचा पडदा आणि टाचण्यांचा डबा, एवढंच तिचं दुकान. बाबा गेल्यापासून घर त्याच्यावर चालतं. मुलगी चौदा वर्षांची होती तेव्हा एक म्हातारा अंगावरचीच पँट लांब होते म्हणून तिथे आला. त्याचे हात इतके थरथरत होते, की पट्टा वर धरायला सांगितला तर तोही त्याला धरवेना. आईने गुडघ्यावर बसून एका पायाला टाचण्या लावल्या आणि दुसऱ्या पायाचं विचारायला मान वर केली. म्हातारा तिच्याकडे बघत होता. "तू यादीवाली ना गं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ओळख होती फक्त. मग एका पायाला टाचण्या तशाच ठेवून तो जिना चढून निघून गेला. आई तिथेच बसून राहिली. आणि त्या दुपारी, मशीनचा पट्टा उगाचच पुसत, तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

बॅटऱ्यांचा कारखाना होता. शिसं रक्तात गेलं की हात असे होतात. आई कॉलेजात असताना एक चाळिशीच्या आतले प्राध्यापक, ते म्हणजे सर, पोरांना घेऊन कामगारांच्या वस्तीत जायचे. कुणाचे हात थरथरतात, कुणाच्या बायकोचं मूल पोटातच गेलं, हे घरोघर विचारून लिहून घ्यायचं. नाव बाहेर येणार नाही या एका शब्दावर लोक तोंड उघडत. वह्यांना नंबर होते, आईची सात नंबरची. मोर्च्याच्या आधीच्या शुक्रवारी सरांनी ती वही तिच्याकडून मागून घेतली, स्वच्छ प्रत करायची आहे म्हणून. सोमवारी मोर्चा कारखान्यावर पोचला, तर फाटकावर कामावरून काढलेल्यांची यादी चिकटवलेली. चौतीस नावं, सात नंबरच्या वहीत होती त्याच क्रमाने. सरांनी आईला वाचनालयाच्या जिन्यात गाठलं. "बोलणी करताना द्यावी लागली. त्यांनी तपासणीसाठी मागितली, मी विश्वास ठेवला. पण कामगारांसाठी दवाखाना मंजूर झालाय. आता माझं नाव आलं तर सगळंच बुडेल. तू लहान आहेस. वही तुझ्याकडून कुठेतरी राहिली असं सांग. तुला लोक माफ करतील." आईने तसं सांगितलं. लोकांनी माफ केलं नाही. महिन्याभरात तिचं कॉलेज सुटलं. सर मात्र करून सवरून नामानिराळे राहिले, पुस्तक लिहून मोठे झाले. "मग तू खरं का नाही सांगितलंस गं?" तिने चौदा वर्षांच्या रागाने विचारलं होतं. "बघ ना," आई म्हणाली, आणि सांडलेल्या टाचण्या वेचायला लागली. हे 'बघ ना' तिला पुढे कित्येक वर्षं गिळवलं नाही. सरांचा राग करणं सोपं होतं. पण त्या रागाच्या बुडाशी आईवरचाही थोडा राग होता, आणि तिकडे ती सहसा वळत नसे.

तर एकशे बाराव्या पानावर, लाल दिवा चालू असताना, तिने पुन्हा तोंड उघडलं आणि म्हणाली, "वाचकाची टीप. वरचं वाक्य खोटं आहे. वही लेखकाने स्वतः व्यवस्थापनाला दिली आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला बळी दिलं. टीप समाप्त." मग दवाखान्याची मंजुरी, वाहवा, उद्घाटन, सगळं खणखणीत आवाजात वाचत ती एकशे तीसपर्यंत गेली. रस्त्याने घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड केलेल्या पुस्तकांचा प्रकाशन समारंभ होता, पहिली प्रत सरांच्या हाती देणार होते, आणि बाईंनी हळहळत सांगितलं होतं की साखरेने सरांची नजर जवळजवळ गेली आहे, आता त्यांना स्वतःचंच पुस्तक ऐकावं लागणार. ऐकू दे. घरी एकटं बसून, आरामखुर्चीत, कानाला लावून ऐकू दे. एखाद्या माणसाच्या डोळ्यांचं असं झाल्यावर आपल्याला बरं वाटतंय, हे कळूनही तिला बरं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कानसेनने तिला बोलावलं तेव्हा तो हसत नव्हता. "एकशे बारा," तो म्हणाला. "ही कसली टीप?"

"खरी."

"खरं-खोटं मी विचारलं नाही. पानावर आहे का?"

"नाही. पण ते वाक्य खोटं आहे."

"असेल. तुला काय माहीत?"

"ती मुलगी माझी आई आहे."

त्याने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "वाईट वाटलं," तो म्हणाला. "टीप काढ."

तिचं डोकंच फिरलं. ती वाट्टेल ते बोलली. तुम्हाला फक्त परीक्षेचं पडलंय, तुम्हाला पास व्हायचंय, कुणाचं काय जळतंय त्याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही. तो ऐकून घेत होता; ऐकण्याची त्याला सवयच. मग म्हणाला, "हे बघ एक्सप्रेस. डोळस पोरांना खोटं जसंच्या तसं वाचायला मिळतं. आम्हाला पण मिळालं पाहिजे. आज तू खऱ्यासाठी एक वाक्य घालशील. उद्या दुसरा कुणी त्याच्या देवासाठी घालेल, तिसरा आम्हाला झेपणार नाही म्हणून दोन पानं गाळेल. मला कसं कळणार? मी काय पान उघडून बघणार आहे?" "आणि दुसरं," तो म्हणाला, "त्याच पानासमोर फोटो आहे. पुस्तकाच्या सूचीत आहे, एकशे तेरा. तो तू वाचलाच नाहीस. सूड घेण्याच्या नादात फोटो खाल्लास."

तो तिने खरंच पाहिला नव्हता. पाहिला होता, म्हणजे आपण फोटो पाहतो तसा. आठ-दहा माणसं, जुने कपडे, करडा रंग. आता कानसेन समोर बसून विचारू लागला. किती जण? नऊ. बसलेले किती? पाच खुर्च्यांवर, चार मागे उभे. डावीकडून सांग. ती सांगू लागली. पहिला चष्मेवाला, दुसऱ्याचा हात पट्टीत बांधलेला, तिसऱ्या खुर्चीवर एक मुलगी, केस मागे घट्ट बांधलेले, हात रिकामे, गुडघ्यांवर. तिला ते हात ओळखू आले, अजून टाचण्यांनी भोकं न पडलेले. चौथे सर. "सरांच्या हातात काय?" काही नाही, ती म्हणाली, आणि मग पान डोळ्यांजवळ नेलं. मांडीवर वही होती. काळ्या कव्हरची, आणि कव्हरावर चौकोनी पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर ठळक सात. खाली ओळ छापलेली: 'मोर्च्याच्या आदल्या दिवशी, कार्यकर्त्यांसह लेखक.' तिने ती ओळ मोठ्याने वाचली. मग वरची दीड ओळ मनात वाचली. तीन दिवस आधी व्यवस्थापनाच्या हाती पडलेली वही मोर्च्याच्या आदल्या दिवशी सरांच्या मांडीवर होती. पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या. हजारो डोळसांनी ती दोन पानं समोरासमोर उघडून पाहिली होती आणि उलटली होती. खुद्द सरांनी अकरा वेळा मुद्रितं तपासली असतील.

"काय झालं?" कानसेनने विचारलं. "श्वास का रोखलास?" तिने त्याला सांगितलं. तो हळूच शीळ घालतो तसं काहीतरी करून म्हणाला, "मग हे सांग की. हे तर दिसतं." आणि तिने टीप नव्याने केली. अगदी सपाट आवाजात, नऊ माणसं डावीकडून उजवीकडे, तिसऱ्या मुलीचे रिकामे हात, चौथ्या पुरुषाच्या मांडीवरची वही, कव्हरावरचा आकडा. एक शब्द स्वतःचा नाही. जुनी टीप पुसून टाकताना तिला जराही वाईट वाटलं नाही, कारण त्या शिवीगाळीपेक्षा ही टीप कितीतरी अधिक धारदार होती. एकच गोष्ट तिने सांगितली नाही. त्या नऊ जणांत आठ जण कॅमेऱ्याकडे बघत होते. तिसऱ्या खुर्चीवरची मुलगी बघत नव्हती. तिची मान उजवीकडे वळलेली होती, ओठ किंचित उघडे होते, आणि ती सरांकडे अशा नजरेने बघत होती की तिच्या मुलीला पान झाकून टाकावंसं वाटलं. आईच्या चेहऱ्यावर तिने तसलं काही कधीच पाहिलं नव्हतं, बाबा असतानाही नाही. मुलीने पाहू नये असं काहीतरी तिने पाहिलं होतं, आणि ते भर दुपारी, सरकारी अनुदानातून घेतलेल्या टेबलावर.

घरी तिने ते आईला मोबाइलवर लावून ऐकवलं. आई उसवलेल्या शिवणीतले धागे चिमट्याने काढत होती, तशीच काढत राहिली. 'टीप समाप्त' आलं तेव्हा तिचे हात थांबले. "परत लाव," ती म्हणाली. तिने परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तिला वाटत होतं, आता आई आपल्याला जवळ घेईल. आता अठ्ठावीस वर्षांचं काहीतरी सुटेल, निदान ती रडेल.

"ती मुलगी कुठे बघतेय ते नाही सांगितलंस," आई म्हणाली.

तिचे कान तापले. "ते महत्त्वाचं नाही."

"तेच महत्त्वाचं आहे. तू विचारलं होतंस ना, खरं का नाही सांगितलं म्हणून? हे घे कारण. फोटो काढणारा मला तीनदा म्हणाला होता, इकडे बघा, इकडे बघा." आईने चिमटा खाली ठेवला. "त्या माणसांनी मला विश्वासाने नावं दिली होती गं. माझ्यासमोर हात पुढे करून दाखवले, कसे थरथरतात ते. आणि मला सगळं माहीत असून मी गप्प बसले, कारण चौतीस घरांपेक्षा मला तो एकटा मोठा वाटत होता. त्या म्हाताऱ्याने मला यादीवाली म्हटलं, ते काही खोटं नव्हतं. सरांना टांगायचं तर टांग, माझं काही म्हणणं नाही. पण मला कशाला वाचवतेस? ते पण घाल."

"लोक काय म्हणतील तुला?"

"अजून काय म्हणायचं बाकी आहे?" आई म्हणाली, आणि हसली. ते हसणं मुलीला अजिबात आवडलं नाही. आपला सूड आपला होता. तो आईसाठी होता. आता आईच त्यात हात घालून त्याला नको तिथे पीळ देत होती. तिने रात्रीचं जेवण टाकलं, आईशी अबोला धरला, सकाळी भांडी आपटली. आणि दुपारी केंद्रात जाऊन म्हणाली, की एक वाक्य राहिलंय.

"माहीत आहे," कानसेन म्हणाला. "तिसऱ्या मुलीपाशी तू श्वास घेतलास. वाक्य तिथे संपत नव्हतं." त्याने विचारलं मात्र काही नाही, लाल दिवा लावला. तिला ते वाक्य चार वेळा म्हणावं लागलं. पहिल्या तीन वेळा आवाज कापला, आणि तो काचेपलीकडून नुसती मान हलवत राहिला. चौथ्या वेळी जमलं. 'इतर सर्व जण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. तिसरी मुलगी एकटी चौथ्या पुरुषाकडे पाहत आहे.' मग तो म्हणाला, समारंभात नमुना म्हणून दोन मिनिटं लावायची आहेत, बाईंनी भाग निवडायला सांगितलाय. "एकशे बारा-तेरा लावू या. फोटोचं वर्णन कसं करतो ते लोकांना कळेल." त्याचा चेहरा इतका निर्विकार होता, की तो थट्टा करतोय की तोही इतके दिवस कुठलातरी डूख धरून बसलाय, हे तिला कळेना.

सभागृह सकाळी अकरालाच भरलं. सर आले ते एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून. सत्तरीला टेकलेले, मलपृष्ठावरच्या चेहऱ्यापेक्षा चणीने बरेच लहान वाटणारे. खुर्ची कुठे आहे ते त्यांनी आधी हाताने चाचपलं. तिला त्या हाताची दया यायला लागली, तशी तिने नजर काढून घेतली. दया करायला ती आली नव्हती. सरांनी छान भाषण केलं. तरुणांनी वस्तीत गेलं पाहिजे, नाव मागे ठेवून काम पुढे ठेवलं पाहिजे. टाळ्या पडल्या. आई दाराजवळ शेवटच्या रांगेत बसली होती, दुकान बंद करून आलेली, मांडीवर पर्स. मग कानसेनने बटण दाबलं आणि मुलीचा स्वतःचा आवाज छतावरून खाली आला.

दीड ओळ. मग दवाखाना. मग वाचकाची टीप. सरांच्या चेहऱ्यावरचं कौतुकाचं हसू पहिल्या दोन माणसांपर्यंत तसंच होतं. रिकामे हात आले तेव्हा ते थोडं ओसरलं. मांडीवरची वही, पांढरा कागद, सात. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी पुस्तक उघडलं, शेजारच्याला बोटाने दाखवलं; पानं फडफडल्याचा आवाज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला. सर तो ऐकत होते. त्यांनी हनुवटीखाली मूठ नेली आणि परत खाली आणली. तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्या छातीत काहीतरी पेटेल, आणि ते पेटलंच. तिला त्यांचा घामही पाहायचा होता, तो पाहायला ती खुर्चीच्या कडेला सरकली. मग ते शेवटचं वाक्य आलं. तिसरी मुलगी एकटी चौथ्या पुरुषाकडे पाहत आहे. टीप समाप्त. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई माइककडे निघाल्या, पण सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"ती मुलगी," ते म्हणाले. "ती... इथे आहे का?"

"आहे," आई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती, दाराजवळ, सरांच्या उजव्या हाताला. सरांनी मान डावीकडे वळवली आणि तिथल्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. "कुठे?" त्यांनी विचारलं. बाईंनी मंचावरून मुलीकडे पाहिलं, मुलीने बाईंकडे. आवाज कुठल्या खुर्चीतून आला हे कानसेनला तर बोटभरही न चुकता सांगता आलं असतं. तो दोन्ही हात काठीवर ठेवून बसून होता. सभागृहातल्या सगळ्यांना आई दिसत होती. ताठ उभी, पर्स पोटाशी धरलेली, डोळे थेट सरांवर. सरांनी खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायचा प्रयत्न केला, अर्धवट उठले, आणि आता त्यांचं तोंड भलत्याच बाजूला, पडद्याकडे झालं.

"कुठे आहेस? बोल की," ते म्हणाले.

आई काहीच बोलली नाही.